अनुभव असल्यास प्राधान्य

भोसरीच्या एमआयडीसीत नोकरी मागायला जायची एक वेळ असते. साडेनऊच्या आधी गेलं तर जनरल शिफ्टची माणसं आत शिरत असतात, मालाचे टेम्पो गेटवर खोळंबलेले असतात, वॉचमनला मान वर करायला सवड नसते. अकरानंतर एचआरचे साहेब राउंडला गेलेले असतात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कुणी कुणाला भेटत नाही. रविवारी गेलं तरी चालतं, कारण इथली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. हे ठाऊक नसलेली बाहेरगावची पोरं गुरुवारीच फाइल घेऊन येतात आणि कुलूपबंद गेटांच्या रांगेतून, कुत्र्यांच्या सोबतीने, नाशिक फाट्यापर्यंत चालत परत जातात. मीही गेले आहे.

2009 चा पावसाळा होता. मी बार्शीची, मेकॅनिकलची डिग्री हातात घेऊन निगडीला मावशीकडे राहायला आलेली. त्याच्या आदल्या सप्टेंबरात तिकडे अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली होती आणि दोन-तीन महिन्यांत तिचे हादरे टेल्को रोडपर्यंत पोचले होते. ट्रकचा खप पडला की आधी ट्रक बनवणारा थांबतो, मग त्याला गिअर देणारा, मग त्या गिअरचं हीट ट्रीटमेंट करणारा, आणि शेवटी पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ लावून बसलेला माणूस. 'ब्लॉक क्लोजर' हा शब्द मी त्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. माल उचलला जात नाही म्हणून कंपनी काही दिवस सरळ बंद. कंत्राटी मुलं घरी पाठवलेली. अशा वेळी फाइल घेऊन गेटवर उभ्या राहणाऱ्या फ्रेशरकडे वॉचमन ज्या नजरेने बघायचे तिच्यात तुच्छता नव्हती, कीव होती. ती जास्त लागायची.

ज्यांना कॉलेजातच आयटीत कॅम्पस लागला होता त्यांचंही काही बरं नव्हतं. जानेवारीत सत्यम या आयटी कंपनीच्या राजूंनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली होती आणि सगळं आयटी क्षेत्र जागच्या जागी गोठलं होतं. माझ्या मैत्रिणीकडे ऑफर लेटर होतं, त्यावर पगाराचा आकडा होता, जॉइनिंगची तारीख नव्हती. तिच्या घरी पेढे वाटून झाले होते. मला लोक 'जावा कर, जावा' म्हणायचे आणि तिला म्हणायचे, 'तोवर एखादा टेस्टिंगचा कोर्स करून टाक.' त्या काळात पुण्यात खात्रीचा धंदा एकच होता, क्लासचा.

गेटवर एक वही असते. नाव, कुठून आलात, कुणाला भेटायचं, काम काय, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, सही. सगळी गोम तिसऱ्या रकान्यात. 'एचआर' असं लिहिलं की वॉचमन विचारणार, 'एचआरमध्ये कोण? नाव सांगा.' नाव माहीत नाही म्हटलं की बायोडेटा खिडकीतल्या खोक्यात, आणि खोकं महिन्याने रद्दीत. नाव सांगितलं की निदान इंटरकॉमवर फोन तरी लागतो. मग नाव आणायचं कुठून? चहाच्या टपरीवरून. गेटासमोरच्या टपरीवाल्याला कंपनीची जेवढी माहिती असते तेवढी तिच्या संचालकांना नसावी. कुठल्या लाइनला ओव्हरटाइम चालू आहे, कुणाची ऑर्डर गेली, कुठल्या खात्यातून परवा दोघं सोडून गेले, एचआरला नवीन बाई आल्यात त्यांचं नाव काय. दोन कटिंग चहा घेतले आणि घाई केली नाही तर हे सगळं फुकट मिळतं. माझी अडचण अशी की 2009 साली भोसरीतल्या टपरीवर बाईने एकटीने उभं राहून चहा पिणं हा सगळ्यांच्या नजरेचा विषय होता. मुलगे तिथे तासभर घुटमळू शकत होते. मला पाच मिनिटांत काम उरकून निघावं लागे.

मुलगी असण्याचा मुद्दा गेटाच्या आत आणखी पक्का व्हायचा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात आपल्या राज्यात 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव, त्याच वाटेने मी मेकॅनिकलला गेले. सरकारने वर्गात बसायची सोय केली, वर्गातून बाहेर पडल्यावर कुठे जायचं ते आमचं आम्ही बघायचं होतं. 1948 चा कारखाने कायदा तेव्हा सांगत होता की संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत बाईला कारखान्यात कामाला लावता येणार नाही. राज्याने सवलत दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच नाहीच. प्रॉडक्शनला ट्रेनी घ्यायचा तो तिन्ही पाळ्यांना लागतो, म्हणजे प्रॉडक्शन संपलं. मेंटेनन्सचं नाव काढायचं नाही. उरलं डिझाइन, तिथे सॉफ्टवेअरचा अनुभव हवा, आणि क्वालिटी, तिथे कुठला तरी अनुभव हवा. एकजात सगळे साहेब सभ्यपणे म्हणायचे, 'मॅडम, तुमच्या सेफ्टीच्या दृष्टीने...' आणि वाक्य अर्धं सोडायचे.

कायदा ही सांगायची अडचण होती. खरी अडचण संडासची होती, हे मला पुढे कळलं. बायकांसाठी वेगळा संडास असलाच पाहिजे, असंही तोच कायदा सांगत होता. ज्या शॉप फ्लोअरवर तोवर एकही बाई नव्हती तिथे एका ट्रेनी मुलीसाठी तो बांधायचा कुणी? गंमत अशी की त्याच एमआयडीसीत शेकडो बायका होत्या. वायर हार्नेस जुळवायला, रबराचे भाग कापायला, पॅकिंगला. कंत्राटदाराच्या टेम्पोतून यायच्या. बाई कारखान्यात चालत नव्हती असं नाही. डिग्री घेतलेली बाई कुठे बसवायची, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

त्या दिवसांत भेटेल त्याने मला सुधा मूर्तींची गोष्ट सांगितली. टेल्कोची जाहिरात, स्त्रियांनी अर्ज करू नये अशी ओळ, त्यांनी थेट जेआरडींना लिहिलेलं पोस्टकार्ड आणि मग पुण्यातली नोकरी. गोष्ट चांगलीच आहे आणि ती घडली त्याच शहरात मी गेटं झिजवत होते. पण सांगणाऱ्यांना वाटायचं, गोष्टीतली करामत पोस्टकार्डाची आहे. मला वाटतं ती पत्ता माहीत असण्याची आहे. लिहिणारी बंगळुरूच्या इन्स्टिट्यूटमधली हुशार विद्यार्थिनी होती आणि वाचणारा जेआरडी होता. माझ्या गेटामागे कोण बसलंय हेच मला माहीत नव्हतं, पोस्टकार्ड कुणाच्या नावाने टाकणार?

मावशीचे यजमान, आमचे काका, आकुर्डीच्या एका मोठ्या कारखान्यात आयटीआय करून सत्तरच्या दशकाच्या शेवटी लागले आणि व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. त्यांच्या मते नोकरी ही गेटवर यादी लागण्याची गोष्ट होती. यादीत नाव आलं की सहा महिने टेम्पररी, मग परमनंट, मग युनियन, मग प्राधिकरणात प्लॉट. 'तू रोज जाऊन उभी राहा, कंटाळून घेतील,' हा त्यांचा सल्ला. त्यांच्याच आग्रहाने मी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव नोंदवलं. कार्ड मिळालं, ते नूतनीकरणासाठी जपून ठेवायचं होतं. 1959 च्या कायद्याने तेव्हा पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनीही रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या असत. फक्त कळवायच्या, तिथूनच माणूस घ्यायची सक्ती नव्हती. त्यामुळे ते कार्ड अजून कोरं करकरीत आहे. काकांचा काळ खोटा नव्हता. तो संपलाय हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं, एवढंच.

बार्शीत आई सगळ्यांना सांगत होती, 'पुण्याला ट्रेनिंग चालूय.' त्या काळात माझे दोन बायोडेटा एकाच वेळी फिरत होते. एक मी वाटत होते, एक ती. तिच्याला उत्तरं लवकर यायची. त्यात 'नोकरी' या शब्दापुढे 'प्रयत्न चालू' असं लिहिलेलं होतं, आणि एका स्थळाकडून निरोप आला की मुलगी छान आहे, पण प्रयत्न थांबवणार असेल तर पुढे बोलू. ते स्थळ आईनेच मोडलं. तिने ते का मोडलं हे आम्ही दोघींनी कधी बोलून बघितलं नाही.

कन्सल्टन्सी नावाचा प्रकार मी थोडक्यात आटपते, कारण त्यात नवीन काही नाही. चिंचवड स्टेशनजवळ जिना चढून जायचं, नोंदणीचे पैसे भरायचे, मग एका कंपनीचा पत्ता मिळतो जिथे मुळात जागाच नसते. आणखी थोडे पैसे टाकले तर दीड वर्षाच्या अनुभवाचं पत्र, लेटरहेडसकट. माझ्या वर्गातल्या दोघांनी ते घेतलं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्या बाजारात अनुभवाशिवाय अनुभव मिळत नाही तिथे कुणीतरी तो छापायला बसणारच.

मला काम मिळालं ते जाहिरात वाचून नाही आणि अर्ज करूनही नाही. क्वालिटी सर्कलजवळच्या टपरीवर एका टेम्पोवाल्याचं बोलणं कानावर पडलं: अमुक गाळ्यातला क्वालिटीवाला चाकणला गेला, तिथे आता माल तपासायला माणूस नाही, साहेब स्वतः रात्री थांबून तपासतात. चाकणला त्या वर्षी परदेशी गाड्यांचे नवे कारखाने उभे राहत होते. फोक्सवॅगनचा तर मार्चमध्येच सुरू झाला होता. मंदीतही तिकडे माणसं लागत होती, आणि ती अर्थातच अनुभवी लागत होती. तो अनुभवी माणूस भोसरीच्या गाळ्यातून उचलला जायचा, तेव्हा गाळ्यात एक खुर्ची रिकामी व्हायची. फ्रेशरसाठी जगात उरलेली जागा ती.

गाळा म्हणजे चार सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी कातकामाची मशीनं, दोन ड्रिलिंग मशीन, एक पोटमाळा. गेट नाही, वही नाही. मालक स्वतः एका मोठ्या कंपनीच्या टूल रूममधून बाहेर पडलेले, पन्नाशीचे, हाताला कूलंटचा वास. त्यांनी फाइल उघडलीच नाही. टेबलावरचा एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर माझ्यापुढे सरकवला. 'मोज.'

मी दोन्ही टोकं कापडाने पुसली, शून्य बघितलं, मग रॅचेटने, म्हणजे ठरावीक दाबावर घसरणाऱ्या टोकाच्या खटक्याने, फिरवत आणलं. 19.99. ते आकड्याकडे बघत नव्हते, माझ्या अंगठ्याकडे बघत होते. पुष्कळ जण थिंबल, म्हणजे त्याची फिरती मूठ, धरून पिळतात, पानाने नट आवळावा तसं, आणि मायक्रोमीटर हवा तो आकडा देतो. मला रॅचेट शिकवलं होतं ते कॉलेजच्या लॅब असिस्टंटने. ते एरवी त्या कपाटाची किल्ली कुणाला द्यायचे नाहीत.

'एम टेनचा टॅप मारायचाय. ड्रिल कितीचं घेशील?'

मला आयर्न-कार्बन डायग्राम येत होता. 727 अंशांना ऑस्टेनाइटचं पर्लाइट होतं, 0.8 टक्के कार्बनला, हे मी झोपेत सांगितलं असतं. एम टेनला ड्रिल किती, म्हणजे दहा मिलिमीटरचे आटे पाडण्याआधी भोक किती मापाचं पाडायचं, हे चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

'साडेआठ,' ते म्हणाले. 'दहातून पिच वजा कर. पिच दीड.' मग जरा थांबून, 'वर्षभर राहशील ना? वर्षाने जाणारच आहेस, ते मला माहितीये. मधे नको जाऊस.'

साडेचार हजार पगार. लेखी काही नाही. संडासची व्यवस्था अशी की शेजारच्या गाळ्यात पॅकिंगला बायका होत्या, तिथल्या एका किल्लीची दुसरी प्रत माझ्यासाठी करून आणली. ज्या कारणापायी मोठमोठ्या कंपन्यांचं धोरण अडत होतं ते कुलूपवाल्याकडे दहा मिनिटांत सुटलं. मालक उदारमतवादी-बिदारमतवादी अजिबात नव्हते. बायकांनी गाडी चालवू नये असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांना सकाळपर्यंत माल पाठवायचा होता आणि समोर जी उभी होती ती मायक्रोमीटर नीट धरत होती.

तिथे मी जे शिकले ते पुढे कुठल्याच मोठ्या कंपनीत कुणी इतक्या खर्चाने शिकवलं नाही. खर्च म्हणजे शब्दशः. पहिल्या महिन्यात मी पास केलेल्या एका लॉटमधले भाग गिऱ्हाइकाकडून परत आले, कारण गिऱ्हाइकाच्या गो गेजमध्ये, म्हणजे नीट पाडलेले आटे ज्यात गेलेच पाहिजेत त्या गेजमध्ये, थ्रेड जात नव्हता, आणि माझ्याकडे जात होता तो हाताखालच्या गो गेजचं तोंडच झिजलेलं होतं म्हणून. भाड्याचे, पुन्हा तपासणीचे, भंगारात गेलेल्या स्टीलचे पैसे साहेबांच्या खिशातून गेले. ते ओरडले बरेच. पण दुसऱ्या दिवशी कॅलिब्रेशनच्या, म्हणजे गेज तपासून घ्यायच्या, तारखांचा तक्ता माझ्याकडूनच करून घेतला. दुसऱ्या मशीनवरचे मामा, साताऱ्याकडचे, आयटीआय टर्नर, त्यांनी मला चिप्सचा, म्हणजे कातताना निघणाऱ्या धातूच्या किसाचा, रंग बघून इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कातणारं टोक, कधी संपतोय ते ओळखायला शिकवलं. निळी पडायला लागली की लक्ष द्यायचं. ड्रॉइंगवर लिहिलेलं माप आणि जुळणीला खरोखर लागणारं माप यांतला फरक कुठे ताणायचा आणि कुठे अजिबात नाही, हे तर कुठल्या अभ्यासक्रमात घालता येईल असं मला वाटतही नाही.

आणि मग मी गेले. वर्ष भरल्यावर, साहेबांनी म्हटल्याप्रमाणे. चाकणलाच. तिथे मुलाखतीत डिग्रीचे मार्क कुणी विचारले नाहीत, 'वर्षाचा अनुभव आहे ना' एवढंच बघितलं. पगार अडीचपट झाला. माझ्या खुर्चीवर कोण आलं ते मी बरेच दिवस विचारलं नाही.

मला यात म्हणायचंय ते हे. फ्रेशरला नोकरी मिळत नाही तेव्हा आपण त्याच्याकडे बघतो: इंग्रजी कच्चं, कौशल्य नाही, आत्मविश्वास नाही. खुद्द फ्रेशरही आरशात हेच बघायला लागतो. पण नवखा माणूस कच्चा असणारच. त्याला पक्कं करायचा खर्च कुणी करायचा, यावरून ही सगळी टोलवाटोलवी आहे. कॉलेज म्हणतं ते कारखान्याचं काम. मोठा कारखाना म्हणतो, तयार माणूस द्या. त्यात शिकाऊ म्हणून घेतलेल्यांनाही पुष्कळ ठिकाणी काही महिन्यांनी ब्रेक देतात, कारण वर्षात 240 दिवस भरले की कामावरून काढण्यापासून संरक्षण देणारी कायद्याची कलमं लागू होतात. म्हणजे जेमतेम हात बसला की माणूस बाहेर. शेवटी खर्च करतो तो गाळेवाला, ज्याला नाइलाज आहे. त्याने तयार केलेला माणूस त्याच्याच गिऱ्हाइकाकडे निघून जातो, आणि तेच गिऱ्हाईक दरवर्षी त्याला भाव कमी करायला सांगतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या भारतविषयक अहवालात एक आकडा आहे: 2022 मध्ये तरुण पदवीधरांत बेरोजगारी 29.1 टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. हा आकडा आला तेव्हा बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ 'शिकून काय उपयोग' असा लावला. मला निगडीचं स्वयंपाकघर आठवलं. बेरोजगार राहायलाही कुणाचं तरी घर लागतं, दोन वेळ पान वाढणारं. मावशी होती म्हणून मी महिनोन् महिने गेटं बघत हिंडू शकले. जिला ती नव्हती ती कंत्राटदाराच्या टेम्पोत बसून पॅकिंगला आली आणि रोजगारात मोजली गेली.

सरकारला हे दिसत नाही असं नाही. राज्याने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावी झालेल्याला महिना 6000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8000, पदवीधराला 10,000. केंद्राने त्याच वर्षी मोठ्या 500 कंपन्यांत इंटर्नशिपची घोषणा केली. विद्यावेतनाला मी नाक मुरडणार नाही, त्या साडेचार हजारांत घर कसं चालतं ते मला माहितीये. पण राज्याच्या योजनेतली पुष्कळ मुलं सरकारी कार्यालयांत टेबलं सांभाळायला गेली आणि मुदत संपल्यावर 'कायम करा' म्हणून आंदोलनाला बसली. त्यांचंही बरोबर होतं. फायली लावण्याच्या अनुभवाला बाहेर गिऱ्हाईक कोण? हेच पैसे परत आलेल्या लॉटची भरपाई म्हणून गाळेवाल्याला दिले असते तर, असं माझ्या मनात येतं. योजना म्हणून ते कागदावर कसं मांडायचं, ते माझ्यापेक्षा हुशार माणसांनी बघावं.

आता मी एका वाहन कंपनीसाठी पुरवठादारांचं ऑडिट करते. तळवडे, कुदळवाडी, चिखली, भोसरी. कायदा बदलला, आता बायका रात्रपाळीही करतात. चेकलिस्टमध्ये एक मुद्दा प्रशिक्षणाच्या नोंदींचा असतो. भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेला हवा: प्रत्येक कामगाराच्या नावापुढे चार फाकांची वर्तुळं, जेवढं येतं तेवढ्या फाका काळ्या. गेल्या महिन्यात कुदळवाडीतल्या एका गाळ्यात गेले तर तक्त्यावरची निम्मीअधिक वर्तुळं पांढरी. क्वालिटीला जेमतेम विशीतला एक मुलगा, नांदेडचा, व्हर्नियर घेऊन उभा. मी मालकांना विचारलं, तक्ता असा रिकामा कसा, मागच्या ऑडिटला तर भरलेला होता.

'मॅडम, मार्क कापू नका,' ते म्हणाले. 'ज्यांची वर्तुळं काळी केली होती ती सगळी तुमच्याच कंपनीत लागली. तिथे जाऊन मोजा.'

मी मार्क कापले. फॉर्ममध्ये त्यासाठी दुसरा रकाना नाही. मग त्या पोराला विचारलं, एम टेनला ड्रिल किती? त्याने मालकांकडे बघितलं.